शेवंतीचं तोंड येतं

९ एप्रिल २००३
शेवंतीचं तोंड परत आलं. हा तिसरा उन्हाळा! सकाळी ओली पेंड पुढं ठेवली तर नुसती हुंगली अन् मान फिरवली. ओठ उलटून पाहिला — आतून लालभडक, हिरडीला फोड, दोन फुटलेले. लाळेची तार खालपर्यंत. पाऊस लागला की बरं होतं, उन्हाळा आला की परत तेच. लग्नसराई तोंडावर.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. वरातीला ही घोडी न्यायचं काम त्यांचं होतं, आता माझं. बाईमाणसानं घोडी धरायची म्हणून लोक हसले. हसून हसून थकले.

११ एप्रिल
रत्नपाल हिंगोलीहून आला. गॅरेजात कामाला आहे तो. "आई, उष्णता हाय. दरसालचंच हाय ते. इकून टाक तिला अन् चल माझ्याकडं."
मी म्हणले, "लहानपणी तुझं तोंड आलं तवा तुला इकलं व्हतं का?"


उष्णतेवर धन्या-जिऱ्याचं पाणी पाजून झालं. हळद-तूप लावून झालं. लगामाचं लोखंड टोचत असेल म्हणून आठ दिवस लगामच घातला नाही, तरी फोड आलेच. मग नेमकं काय?

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. शेवंतीवर निळी झूल टाकली, कुणाला बसू दिलं नाही, नुसत्या दोरावर पुढं चालवली. लगाम काहून न्हाई, असं दोघा-तिघांनी विचारलं. तोंड आलंय म्हणून सांगितलं. लपवायचं काय त्यात?

१७ एप्रिल
लपवायला पाहिजे होतं बहुतेक.

अमृतरावच्या बैलाला खुरकूत झाली. तोंडाला फेस, पाय टेकवत नाही. अमृतराव पंचायतीत मेंबर. वेशीजवळच्या हौदावर चार माणसांत बोलला, "जनकाबाईच्या घोडीचं लागलं. आधी तिचंच तोंड आलं न्हाई का?" मला म्हणाला, घोडी हौदावर आणायची नाही. आठ दिवसांत गावाबाहेर काढायची.

सासूबाई सांगायच्या, त्यांच्या तरुणपणी याच हौदावरून आपली जनावरं हाकलून देत. तेव्हा रोगाचं निमित्तसुद्धा लागत नव्हतं.

१८ एप्रिल
दुपारी शेवंतीला हौदावर नेलं. पाणी पाजलं. घरी आणलं.

१९ एप्रिल
आज पण नेलं.

२१ एप्रिल
चांदण्या असतानाच निघाले. शेवंतीसंगं चालत औंढ्याला, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण आहेत. खुरकुतीचं सांगितलं तर म्हणाले, "बाई, घोड्याला खुरकूत होतच नाही. दुभंगलेल्या खुराच्या जनावराचा रोग आहे तो. गाय, बैल, शेळी. हिचा खूर बघा, अखंड आहे."
मी म्हणले, "हे कागदावर लिहून द्या."
दिलं. सहीशिक्क्यासकट.

मग त्यांनी शेवंतीची जीभ बाजूला धरून बॅटरी मारली. चिमट्यानं हिरडीतून काहीतरी ओढलं अन् माझ्या तळहातावर ठेवलं. कुसळ! सुईसारखं टोकदार. अशी सात निघाली. विचारलं, खायला काय घालता? मी म्हणले, कडबा पुरत नाही, उन्हाळ्यात माळावरचं वाळलं गवत. "हेच कारण दिसतंय. मागचे दातही धारदार झालेत, गालाला लागतात. दोन्ही मिळून होत असेल." दात घासून दिले. गवत निवडून, भिजवून घाला म्हणाले.

येताना वाटेत हिशेब लागला. हे होते तेव्हा कडबाच असायचा. माळाचं गवत मी सुरू केलं. तीन उन्हाळे मीच माझ्या हातानं तिच्या तोंडात काटे घातले. अन् रोज माया केल्यासारखी हळद लावत बसले.

रडले. वाटेत कुणी नव्हतं. शेवंती थांबली होती माझ्यासाठी.

२२ एप्रिल
हौदावर कागद वाचून दाखवला. सगळा, खड्या आवाजात. अमृतराव म्हणाला, "कागद काय, कुणीबी लिहून देतं."
मी शेवंतीला पाणी पिऊ दिलं. तिनं तोंड वर काढलं, तसं त्याच पाण्यात ओंजळ घातली अन् मी प्याले.  मग म्हणले, "डॉक्टरांनी अजून एक सांगितलं. आजारी बैल हौदावर आणू नका. त्याच्यापासून गावच्या जनावरायला लागंल. बैल तुमचा हाय, अमृतराव. घरी बांधा."
घरी आल्यावर गवत निवडत बसले. बराबर एक तास.

२५ एप्रिल
आठ दिवस भरले. अमृतराव चौघांना घेऊन दारात आला. मी गवत निवडत बसले होते, उठले नाही. "एक तारखेच्या ग्रामसभेत ठराव करतो," म्हणाला.
"करा. मी बी येते. कागद घेऊन."

रत्नपालला फोन लावला. म्हणाला, "आई, गावाशी कशाला वाकडं?" मी म्हणले, गाव माझं पण आहे.

२८ एप्रिल
बोटं चिरली. रोज पाटीभर गवतातून मूठभर कुसळं निघतात. पण शेवंतीनं आज भिजवलेलं गवत स्वतःहून खाल्लं. हिरडी गुलाबी. एकच फोड उरलाय, तोही सुकलाय.
आधी का नाही पाहिलं मी?

३० एप्रिल
दिवे लागायच्या वेळी मागच्या दारानं मिराबाई आल्या. अमृतरावची बायको. आमच्या घरात पहिल्यांदा. बसा म्हणले तर जमिनीवरच बसल्या.
"बैल जयंतीच्या आदल्या दिवशी बाजारातून आणला. आणला तवाच तोंडाला फेस व्हता. वेशीत शिरायच्या आधी आमच्या मालकानं उपरण्यानं पुसला. मी संगं होते."
मी मागचं दार लोटून घेतलं.
"उद्या ग्रामसभेत सांगते म्हणून आले."
"मालक काय करतील तुमचं?"
"करू दे. तुमी फक्त माझ्या बाजूला उभ्या राहा."