कबऱ्या-चांद्याची हाळी

श्री.

मु. सांगवी, ता. दर्यापूर
१८ जानेवारी १९३७

चि. सौ. मनकर्णा हिस दादाचे अ. आ. वि. वि. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. तुमच्याकडची खुशाली कळवीत जा.

बाबांच्या हातचे घरात काय काय आहे, असे तू विचारलेस. घरभर फिरून, प्रत्येक वस्तूला हात लावून पाहिला आणि मगच लिहायला बसलो. शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा छकडा. तिवसाच्या लाकडाची दोन जुवे, एक वापरातले आणि एक अर्धवट तासलेले. अंबाडीचे दोर, कासरे, मुसकी. आईची खाट, जिच्यावर आता ते स्वतः पडून आहेत. मळ्यातल्या मोटेचे चाक. तुझ्या लेकरांसाठी केलेली बाभळीची बैलजोडी. त्यातल्या एकाचे शिंग तुझ्या धाकटीने चावून संपवले. छकड्याच्या चाकांवरची लोखंडी धाव मात्र लोहाराची आहे. ती मी बाबांच्या नावावर लिहिणार नाही. लोक काहीही ठोकून देतात, म्हणून स्पष्ट केले.

बाबांचे उजवे अंग दिवाळीनंतर गेले ते गेलेच. वाचाही नाही. दर्यापूरचे डॉक्टर परवा येऊन गेले. म्हणाले, बोलणे आले तर येईल. एवढे शिकून माणूस असे उत्तर देतो! डाव्या हाताने जेवतात, आणि राग आला की त्याच हाताने खाटेच्या कडेची पाटी वाजवतात. समजते सगळे.

खरी काळजी कबऱ्या आणि चांद्या या बैलजोडीची आहे. लहानपणी तू गोठ्यात गाणे म्हटलेस म्हणून बाबांनी तुला कणगीवर बसवून ठेवले होते, ते विसरली नसशील. पटाच्या जोडीने छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याचा एकच आवाज ऐकायचा, दुसरा आवाज कानात गेला की जोडी फुटते, हा त्यांचा नेम. ही जोडी गोऱ्हे म्हणून आली तेव्हापासून वैरण मी टाकतो, शेण मी काढतो, आणि आजवर त्यांच्यासमोर एक शब्द बोललो नाही. घरात मी बडबड्या, पण गोठ्यात मुका. आता बाबांचा आवाज बंद झाला, तर माझा त्यांना परका. मी जू ठेवतो, ते मान देतात, आणि उभे राहतात. पाऊल म्हणून टाकत नाहीत. पराणी त्यांना कधी टोचली नाही, ती मीही टोचणार नाही.

जोडी हाकायची बाबांची हाळी कशी मारायची, हे मी कोणालाही समजावून सांगू शकतो. जीभ टाळूला, आवाज नाकाच्या मुळाशी, मग श्वास मोकळा. मारायला गेलो की मात्र दुसरेच काही निघते. ओसरीवरून बाबा ऐकतात आणि खाटेची पाटी वाजवतात. बरोबर म्हणतात की बंद कर म्हणतात, ते मला कळत नाही.

नुसता उभा राहिलेला पटाचा बैल दोन-तीन महिन्यांत बसतो, मग उठत नाही. बाबांच्या डोळ्यांदेखत ही जोडी बसू नये, एवढेच आता माझ्या मनात आहे. किसनरावांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा दादा,
गोवर्धन

*

श्री.

अकोला
२४ जानेवारी १९३७

ती. दादास मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि. पत्र पावलं. दोनदा वाचलं. एकदा मी वाचलं, एकदा यांनी मोठ्यानं वाचलं आणि लोहाराच्या धावेपाशी इतके हसले की चहा सांडला. अरे दादा, मी बाबांची आठवण विचारली होती, तू पंचनामा पाठवला. पाटीवर मले अक्षरं शिकवलीस तेव्हाही असाच होता. वेलांटीचं शेपूट आखूड झालं की पुन्हा काढायले लावायचा.

लेकरं रोज आजोबाची गोष्ट मागून राहिले. मी त्यायले छप्पनच्या दुष्काळातली सांगते. वैरण संपली, तर बाबांनी आपल्या घरावरचं गवताचं छप्पर काढून बैलायले घातलं. आई म्हणे, आमी काय उघड्यावर झोपायचं काय? तर बाबा म्हणे, आपण माणसं आहो, आपल्याले सांगता येते. त्या बैलायले सांगता येते काय? मग पुढल्या वर्षी त्याच जोडीनं त्यायनी मूर्तिजापूरचा पट मारला. दुसरी गोष्ट पोट्ट्यायले जास्त आवडते. चाळिशी उलटल्यावर बाबा यात्रेतल्या कुस्तीत उतरले, आणि जिंकून आल्यावर आईले म्हणे, कोणाले सांगू नको, कंबर धरली आहे.

हाळीचं म्हणशील तर ती मलेही येत होती. गोठ्यात तोंड उघडायची बंदी होती, म्हणून मी मळ्यातल्या विहिरीत वाकून मारत होती. विहीर परत मारे. बाबांनी एकदा ऐकलं, पण बोलले नाही. काहून बोलले नाही, ते आता कोणाले विचारू?

यांनी आठ दिवस जा म्हटलं आहे. वांग्याचा माल तेवढा बाजारात गेला की निघते. बनोसा स्टेशनवर बंडी पाठवजो. आणि येते तोवर बाबांच्या खाटेपाशी हाळीचा सराव करू नको. आजारी माणसाले किती सोसावं! माया पातळ होऊ देऊ नको.

तुही धाकटी,
मनकर्णा

*

श्री.

मु. सांगवी
९ फेब्रुवारी १९३७

चि. सौ. मनकर्णा हिस दादाचे अ. आ. वि. वि. तू सुखरूप पोचल्याचे किसनरावांचे कार्ड मिळाले. पत्ता बरोबर होता, तारीख चुकली होती.

तू इथे होतीस, तेव्हा जे घडले ते तुझ्या समोरच घडले. पण माझ्या बाजूने ते कसे दिसले, हे तुला ठाऊक नाही. तू ओसरीवर गहू निवडीत बसली होतीस आणि मी अंगणात जोडीला जू देऊन नेहमीप्रमाणे हात हलवीत उभा होतो. तू सुपातून मान न काढता बाबांची हाळी मारलीस. तुला ती थट्टा. माझ्या हातातला कासरा ताणला, आणि मी छकड्यात चढायच्या आत जोडी नदीच्या वाटेला लागलेली. मागे वळून पाहिले तर बाबांची डावी मूठ वर होती, आणि ते रडत होते की हसत होते, हे त्यांच्या अर्ध्या तोंडावरून सांगता येत नव्हते.

नंतर रोज सकाळी तू शेताच्या धुऱ्यावर उभी राहिलीस आणि मी कासरा धरला. गावातल्या बायांनी तोंडाला पदर लावला. देवकीनंदन पाटलाने मला विचारले की यंदा पटात बहीण उतरवतोस काय. मी म्हटले, तू तुझ्या बैलांचे कान-नाक पाह. पण मनात म्हटले, उतरवता आली असती तर उतरवली असती.

तू गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी जोडी पुन्हा उभी. तू शिकवलेस तसे मी तंतोतंत केले. तू म्हणालीस, तंतोतंत करतोस म्हणूनच बिघडते. दात पडल्यापासून बाबांची हाळी शेवटाला फाटते, तुझी लहानपणापासूनच फाटते, आणि मी ती पूर्ण करतो. मुद्दाम फाडून पाहिली. चांद्याने कान हलवला, पण तो माशीसाठी होता. छकड्याचा सांधा न् सांधा मला अंधारात लावता येतो, आणि एवढी एक फाट जमत नाही.

नांदगाव खंडेश्वरचे महादेवराव, ज्यांचे बैल सगळे पट हिंडतात, त्यांनी निरोप पाठवला आहे. जोडी पाहायला येतो म्हणाले. त्यांचा धुरकरी शांत आहे, बैलांपाशी हळू बोलतो असे ऐकतो. जोडी तिथे गेली तर कदाचित चालेल, इथे राहिली तर बसेल. पण बाबांना काय वाटते, ते कसे काढू? तुझे मत कळव. आठवण ठेवतेसच, पत्रातही ठेव.

तुझा दादा,
गोवर्धन

*

श्री.

अकोला
१५ फेब्रुवारी १९३७

ती. दादास मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि. रोज पहाटे जाग येते आणि वाटते, आता धुऱ्यावर जायचं आहे. मग भाजीच्या टोपल्या दिसतात.

मले राहता आलं असतं तर राहिली असती. पण सासूबाईचे डोळे गेले आहे, तुले माहीत आहे. त्यायले हात धरून परसात न्या लागते. यांचा बाजार, चार लेकरं. इथून हाळी मारली तर मूर्तिजापूरपर्यंतही जाणार नाही रे दादा.

महादेवरावाले देऊन टाक, असं माह्या मनात येते. चालत राहिले तर कोणाच्याही दारी चालो. पण बाबांले विचारल्याशिवाय देऊ नको. कसं विचारायचं, ते मलेही सुचत नाही. डोळे मिटले तर हो समजायचं की नाही समजायचं? मी निघताना पायावर डोकं ठेवलं, तर त्यायनी माह्या डोक्यावर बोटं वाजवली, खाटेवर वाजवतात तशी. तो आशीर्वाद होता की जाऊ नको होतं? मी तर पूर्ण रस्ता तेच घोकून राहिली.

तू शहाणा आहेस. तूच काढ काही तोड. आणि जेवत जा. आल्यावर पाहिलं, तुहा सदरा खांद्यावरून लोंबते. राग नको धरू, लोभ धर.

तुही धाकटी,
मनकर्णा

*

श्री.

मु. सांगवी
२८ मार्च १९३७

चि. सौ. मनकर्णा हिस दादाचे अ. आ. वि. वि. तेरावे आटोपून तू गेलीस. घर माणसांनी भरले होते तोवर जे सांगता आले नाही, ते आता लिहितो.

महादेवराव आले ते शिवरात्रीच्या आधी. जोडीभोवती फिरले, खूर पाहिले, दात पाहिले. मी त्यांना काही लपवले नाही. चालत नाहीत, हे आधी सांगितले. ते म्हणाले, माझ्याकडे चालतील, नाही चालले तर माझे नशीब. मग मी म्हटले, जोडी बाबांची आहे, सौदा त्यांच्याशी करा. बोलता येत नाही हे तुम्हाला दिसतेच. महादेवराव ओसरीवर चढले. म्हणाले, गोवर्धनराव, बैलाच्या सौद्याला तोंड कशाला लागते?

आणि ते खाटेवर बसले, बाबांचा डावा हात हातात घेतला, आणि वर आपले उपरणे टाकले.

मनकर्णा, दर बाजारी आपण हे पाहत आलो. रुमालाखाली बोटे धरायची, भाव ठरवायचा, बाजूच्याला कळू द्यायचे नाही. चार महिने मी त्या माणसाला तोंडाने विचारीत होतो, डोळे मिटा म्हणत होतो, पाटी वाजवा म्हणत होतो. हे मला सुचले नाही.

उपरण्याखाली काय चालले, ते दिसत नव्हते. कापड हलत होते. बाबांच्या तोंडावर तो बाजारातला चेहरा आला, ऐकून न ऐकल्यासारखा, थोडा गुर्मीचा. दिवाळीपासून तो मी पाहिला नव्हता. महादेवरावांनी एकदा भाव धरला, मग वाढवला असावा, कारण कापड पुन्हा हलले. मग थांबले. महादेवरावांनी हात काढला तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. बाबांनी मिटवली होती. मूठ मिटवली म्हणजे सौदा नाही. महादेवरावांनी बाबांच्या पायांना हात लावला आणि निघाले. भाव किती, हे मी विचारले नाही. मोडलेल्या सौद्याचा भाव बोलत नाहीत.

ते गेल्यावर मी माझा शेला घेतला आणि खाली हात घातला. काय विचारायचे ते ठरवले नव्हते. बाबा, का, एवढेच म्हटले. त्यांनी माझी बोटे धरली. मी वाट पाहिली, की एक सोडतील, दोन दाबतील. त्यांनी पाचही धरून ठेवली, दाबली नाहीत, सोडली नाहीत. तो कोणताच आकडा नव्हता. मनकर्णा, मला वाचता आले नाही.

शिवरात्रीच्या दिवशी शेजारच्या गावी पट होता. वाऱ्यावर लोकांचा गलका येत होता. दुपारी गलका उठला, बाबांनी मान तिकडे वळवली, आणि ती तिकडेच राहिली. पुढचे तुला माहीत आहे.

चांदा परवापासून बसला आहे. ढोरांचे डॉक्टर आले, चिमटून पाहिले, दुखणे काही नाही म्हणाले. कबऱ्या उभा आहे. वैरण दोघांनाही टाकतो. गोठ्यात आता बोलायला बंदी करणारे कोणी नाही, पण माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तेराव्यापर्यंत तू इथे होतीस, पण गोठ्याकडे एकदाही गेली नाहीस, हाळी मारली नाहीस. मी पाहिले. मी जा म्हटले नाही, आणि तूही विचारले नाहीस. बरे केले की वाईट, ते आपण दोघांनी एकमेकांना विचारू नये.

किसनरावांना नमस्कार. तुझ्या सासूबाईंना शि. सा. न. लेकरांना आशीर्वाद. आता या घरातून तुला पत्र लिहिणारा मी एकटाच उरलो, म्हणून तरी उत्तर धाडीत जा.

तुझा दादा,
गोवर्धन

ता. क. तेराव्याला महादेवराव आले होते. पंगत उठल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन त्या दिवशीचा भाव विचारला. सांगेनात. निघताना छकड्यापाशी थांबले आणि सांगितले, की आधी त्यांनी सहाशे धरले होते. बाबांनी हात ओढला, म्हणून ते नऊशेवर गेले. न चालणाऱ्या जोडीचे रोख नऊशे रुपये. त्यावर बाबांनी त्यांची मूठ मिटवली.