आत्याची मेंबरशिप

चिमे,

तू झोपली होतीस तेव्हा आत्या येऊन गेली. काल तुमच्या स्वस्त खरेदीच्या क्लबची मेंबर झाले म्हणून खुशीत होती. तिला घ्यायची होती एक गादी. आज सही केली नाही तर पुन्हा कधीच प्रवेश मिळणार नाही, असं तू तिला सांगितलंस म्हणे. ती म्हणाली, "घरी जाऊन दादाला विचारते." त्यावर तू म्हणालीस, "बाबांनीच तर तुला बोलवायला सांगितलं." मी कधी सांगितलं गं?

तरी मी तिच्यासमोर तुला खोटं पाडलं नाही. ती कौतुकाने सांगत होती, "पोरीने सही होईपर्यंत माझा हात सोडला नाही. एवढी माया हल्ली कोण करतं?"

मेंबरशिप रद्द करायला मी तिला तिच्या घरून घेऊन तुमच्या ऑफिसात जातोय. क्लबवाल्यांनी तुलाही फसवलं, असंच तिला सांगेन. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. कुठे बाहेर गेलीस तर किल्ली शेजारी दे.

आज कामावर येऊ नकोस. तू समोर दिसलीस, तर तुला साहेबाची बोलणी बसतील या भीतीने ती पुन्हा सही करून येईल.

बाबा