लाल डोळ्याचे सुरुंग

पिपरी (मेघे), वर्धा
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाईस,
मधुकरचा सविनय जय भीम.

पत्र पाहून तू म्हणशील, याला काय झालं, फोन सोडून पत्र लिहायला लागला! फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी इकडे ठीक आहे. तिकडे सगळे बरे असाल. कापसाची वेचणी सुरू असेल, बाया मिळत नसतील. सदाशिवराव दाजींचा गुडघा कसा आहे?

रुपेश हैदराबादलाच आहे. तुझी भावजय मंजुषा गेल्यापासून घर मोठं वाटतं, पण मी दोनच खोल्या वापरतो. सकाळी पेपर, मग वरण-भात. एक कुकर दोन वेळ पुरतो.

अक्षर वाकडंतिकडं आहे ते समजून घे. हात जरा आखडला आहे. रोज एक पान लिहून काढा, असं इथल्या एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं. कोणाला लिहू, तर तुझंच नाव आलं.

आणि एक गंमत सांगतो, हसशील. तुझ्या भावाला या वयात व्हिडिओ गेमचा नाद लागला आहे! अंतराळातला गेम आहे. डोक्यावर काचेचा गडवा घातलेला एक बुटका माणूस, तो चांदण्यांमधल्या ओट्यांवरून उड्या मारत जातो. चुकला की खाली काळ्या आभाळात गटांगळ्या खातो. मी आतापर्यंत त्याला शंभरदा तरी पाडला असेल.

हात दुखला. थांबतो.

तुझा,
मधुकर


पिपरी (मेघे)
१ डिसेंबर २०२४

आदरणीय बाईस,
जय भीम.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तू रागावलीस म्हणून नव्हे, वेचणी आहे म्हणून उत्तर आलं नसेल, असं मी धरून चाललो आहे.

मागच्या पत्रात मी ठीक आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं. हात आखडला नव्हता. चौदा सप्टेंबरला मला लकवा मारला. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. सकाळी सातला समोरच्या खोलीत पडलो तो अकरापर्यंत तिथंच. फरशी गार होती. फोन टेबलावर वाजत होता, रुपेशचा असेल. शेजारच्या मोनालीनं पाहिलं की दुधाची पिशवी दारातच पडून आहे, तिनं माणसं बोलावून कडी तोडली. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

रुपेश आला, दहा दिवस राहिला, गेला. त्याला नोकरी आहे. ‘तिकडे चला बाबा’ म्हणाला. तिथं मी खिडकीत बसून काय करू?

आता पाय चालतो. हातासाठी आठवड्यातून तीनदा सावंगीच्या दवाखान्यात व्यायामाला जातो. तिथं मेघा नावाची मुलगी आहे, तीच माझी डॉक्टरीण. रुपेशपेक्षा लहान. गेम तिनंच लावून दिला. दांडा उजव्या मुठीत धरायचा आणि अंगठ्यानं बटण दाबायचं, की तो बुटका उडी मारतो. मूठ वळावी आणि उघडावी म्हणून हा सगळा खटाटोप.

उड्यांचं जमलं. अडलो ते सुरुंगांपाशी. ओट्यावर टरबुजाएवढे काटेरी गोळे चिकटून बसलेले असतात. लांबून पाहिलं तर झोपलेले, राखाडी. जवळ गेलं की त्यांचा लाल डोळा उघडतो, टिक टिक टिक वाजतं आणि फुटतात. बुटका मेला की पुन्हा पहिल्या ओट्यापासून. मेघा त्यांना माइन म्हणते. मी सुरुंगच म्हणतो.

तीन आठवडे मी एकही सुरुंग ओलांडला नाही. लांब उभा राहायचो, की तो हलेल, जाईल. तो कुठं जातो! मेघा म्हणायची, “काका, काऊन थांबून राह्यले? टाइम संपून राह्यला.” थोडा पुढे जायचो, डोळा उघडला की मागे पळायचो, आणि पळतानाच तो फुटायचा.

माझ्यानंतर कैलासचा नंबर असतो. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, मशीनमध्ये दोन बोटं गेली. तो हसत म्हणाला, “काका, तुमी तं लय भेता. डोया उघडला का मांगं नाई पयाचं. त्याच्यावरूनच उडी माराची.”

घरी येताना ऑटोत मला आपली विहीर आठवली. आंजीच्या वावरात विहीर खोदत होते, खडक लागला म्हणून सुरुंग लावायचे. शिटी वाजली की आई आपल्याला बैलबंडीच्या आड बसवायची. मी पाच वर्षांचा असेन, तू अकराची. तू तुझे दोन्ही हात माझ्या कानांवर दाबून धरायचीस. तुझे कान उघडेच राहायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

गेमच्या गोष्टीत पान भरलं. खरं म्हणजे मला दुसरंच काही लिहायचं होतं. आज होत नाही.

तुझा,
मधुकर


पिपरी (मेघे)
२२ डिसेंबर २०२४

बाई,
जय भीम.

हे पत्र समीक्षाच्या हातात दे आणि तिला मोठ्यानं वाचायला सांग. दाजींना समोर बसव, रजतला आणि सूनबाईलाही बसव. नातीनं वाचावं असं यात काही नाही, पण तिनंच वाचावं, कारण तिलाही घरात जे सांगितलं गेलं असेल ते खोटं आहे.

मागच्या सोमवारी मी चार सुरुंग ओलांडले, एकापाठोपाठ एक. लाल डोळा उघडला, आणि मी पळालो नाही, वरून उडी मारली. मेघानं टाळ्या वाजवल्या. माझी मूठ आपोआप उघडली होती, ती तिनं दाखवली. म्हणाली, “काका, घरी सांगा ना कोणाले तरी! मी व्हिडिओ कॉल लावून देतो.” माझा फोन तिच्या हातात होता. रुपेश मीटिंगमध्ये असतो त्या वेळी. मी म्हटलं, राहू दे.

मग ती महिन्याचा फॉर्म भरायला बसली. घरात आणखी कोणाला लकवा होता का, विचारलं. म्हटलं, आईला. त्यातच गेली. तिनं विचारलं, दवाखान्यात किती वेळानं नेलं होतं? आणि बाई, माझ्या तोंडून निघालं, “बहिणीनं उशीर केला.”

विचार करावा लागला नाही. अर्धं तोंड अजून जड आहे, ‘पाणी’ म्हणायला मला वेळ लागतो, पण हे वाक्य सरळ बाहेर पडलं. मेघानं ते लिहून घेतलं.

त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता जे घडलं ते लिहितो. एकतीस डिसेंबर दोन हजार अठरा. माझा निरोप समारंभ होता. छत्तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली होती. अंगावर शाल होती, हातात नारळ होता, साहेब भाषण करत होते. साडेदहाला तुझा फोन आला. मी उचलला. तू म्हणालीस, “मधू, मायचं तोंड वाकडं झालं रे. चहा गालावरून गळून राह्यला. हात नाई उचलत. मले काई समजून नाई राह्यलं, तू लवकर येजो.”

गावोगावी फिरून मी लोकांना शिकवलं होतं, बाई. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, की ताबडतोब गाडी करा. मला समजायला एक क्षण लागला नसेल. मी तोंडावर हात धरून म्हणालो, “हवा लागली असन. शेक दे. संध्याकाळी येतो.”

तू विचारलंस, “दवाखान्यात नेऊ का?”

मी म्हणालो, “मी पाह्यल्याशिवाय कुठी नेजो नोको.”

उठून गेलो असतो तर माझं भाषण राहिलं असतं. एवढंच कारण होतं. संध्याकाळी घरी माणसं आली, जेवणं झाली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. आई तेव्हा हाक ओळखत नव्हती. तू तिच्या गालाला शेक देत होतीस, मी सांगितला होता म्हणून. चार जानेवारीला ती गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात कोणीतरी विचारलं, घरात आरोग्य खात्यातला माणूस असून असं कसं झालं? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, “बाईनं उशीर केला. मले एक फोन केला असता तं माय वाचली असती.”

तू भाताचं घमेलं घेऊन उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस. घमेलं खाली ठेवलंस आणि आत गेलीस.

तू बोलली नाहीस. दाजी तुझ्यावर सगळ्यांदेखत ओरडले, तरी नाही. आईला चार वर्षं तू सांभाळलं होतंस, मुलगी असून. तिचं मी मुलगा म्हणून काय केलं, ते कोणी विचारलं नाही. तू का बोलली नाहीस हे मला अजून कळत नाही. माझा मुलगा तिथं बसला होता म्हणून? की खात्यातल्या माणसापुढे तुझं कोण ऐकेल म्हणून? विचारायला मला तोंड नाही.

सप्टेंबरात फरशीवर पडलो होतो तेव्हा गाल ओला लागत होता. लाळ होती. मला कळत होतं काय झालं आहे ते, आणि किती तास हातात आहेत तेही. तुला हाक मारायला गेलो. ‘बाई’ म्हणायला दोन्ही ओठ मिळावे लागतात. ते मिळाले नाहीत.

फॉर्म भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा नंबर नसताना मी सावंगीला गेलो. मेघाला म्हटलं, ते वाक्य खोड. ती म्हणाली, “काका, त्यानं तुमच्या ट्रीटमेंटले काई फरक नाई पडत.” म्हटलं, तरी खोड. तिनं खोडलं आणि विचारलं, मग काय लिहू? मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवला. ऐकून घेतलं, मग पाणी आणून दिलं. त्या दिवशी आम्ही गेम लावला नाही.

रात्रीपर्यंत न थांबता तिथूनच रुपेशला फोन केला, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, आत्याबाईले सांगितलं का?” आणि त्यानंच फोन ठेवला. पाच दिवस झाले, त्याचा फोन आलेला नाही. त्याला दोष देत नाही.

दाजी, तुम्ही ऐकत असाल तर हात जोडून सांगतो, बाईची काही चूक नव्हती. ती आईला नेत होती. मी नेऊ दिलं नाही.

चार जानेवारीला शनिवार आहे. मी बसनं आंजीला येतो. घरी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय उंबऱ्याशी उभा राहणार नाही. विहारात वंदना झाली की मांडवात होते त्या माणसांपुढे उभा राहीन. जास्त बोलता येत नाही, शब्द अडकतात, म्हणून एकच वाक्य रोज म्हणून पाहतो आहे. कालपर्यंत मधेच तुटत होतं. आज एकदा पूर्ण आलं. तू ये अगर येऊ नको, मी ते म्हणेन.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला मी सहा वर्षं उशीर केला आहे.

साडेदहा वाजता तू ज्याला हाक मारली होतीस तो,
मधुकर