बाबांच्या डोक्यातला एक बिट

३ मार्च, सकाळ
आजपासून शिस्त. भावनेच्या आहारी न जाता रोज लिहायचं. स्ट्रोकनंतर बाबांची वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, ऐकू येतं, कळतं किती ते सांगता येत नाही. धाकट्या भावाला त्यांना स्वतःकडे न्यायचंय. म्हणे दादाकडे त्यांना करमत नाही. हे त्याला सांगितलं कोणी? रविवारी येतोय, त्याच दिवशी काय ते ठरणार. तोवर पुरावा तयार ठेवतो. मेंदूच्या लहरींवरून माणसाने काय ऐकलं ते ओळखणं हा माझा पेशा. धाकटा फर्निचर विकतो.

४ मार्च
लॅबमधून इलेक्ट्रोडची टोपी आणली. नोंदवहीत 'कारण' या रकान्यात 'देखभाल' लिहिलं. खोटं नाही.
प्रयोग साधा. स्पीकरवर कधी माझा आवाज, कधी धाकट्याचा. वाक्य एकच: बाबा, मी रविवारी येतोय. त्याचं व्हॉइस मेसेजमधून उचललं. नुसत्या लहरी बघून आवाज कुणाचा ते दर वेळी अचूक सांगता आलं, तर एक बिट माहिती. काहीच कळलं नाही, तर शून्य.
बायको म्हणाली, अहो, आधी त्यांना विचारलंत का? म्हटलं, तेच तर विचारतोय.
टोपी घालताना बाबांनी डोळे मिटून घेतले. सहकार्य उत्तम.

५ मार्च, दुपार
०.०४ बिट. बाबा पेंगत असणार. बायको म्हणते, टक्क जागे होते, तिला खुणेने खिडकी उघडायला लावली. ती उगाच मध्ये मध्ये करते.
चूक सापडली. माझं वाक्य कृत्रिम होतं. मी रविवारी कुठून येणार? मी घरातच असतो. आता नेहमी बोलतो तसं रेकॉर्ड केलं: बाबा, सरळ बसा. व्यायाम केलात का? डॉक्टरांनी काय सांगितलंय? पद्धतीत बसत नाही, पण नैसर्गिक आहे.

६ मार्च
०.९१!!
माझा आवाज आला की दोन्ही कानांच्या वर लहरी नुसत्या उसळतात. धाकट्याच्या आवाजाला जवळजवळ सपाट रेघ. वाईट वाटलं. फार नाही.
बायकोला ग्राफ दाखवला. म्हणाली, त्यांच्या डोक्यावरचं ते चिकट जेल आधी पुसा.

७ मार्च
लॅबमधल्या ज्युनिअरला दाखवलं. आम्ही तिला शंकाबाई म्हणतो. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, सर, हा मेंदू नाही, जबडा आहे. माणसाने दात आवळले की कानावरचे स्नायू असाच गोंधळ घालतात. तिने तेवढा भाग गाळून पुन्हा मोजलं. ०.०३.
मग तिने विचारलं, सर, तुम्ही त्यांच्याशी काय बोलता? म्हटलं, नेहमीचंच.
घरी येताना विचार केला. जबडा तरी कुणाचा? बाबांचाच. माहिती ती माहिती. उद्या ०.९१ च दाखवणार.

८ मार्च, रविवार
धाकटा आला. बाबांना खुर्चीत बसवलं, लॅपटॉप उघडला. बिट म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. धाकटा म्हणाला, दादा, थोडक्यात सांग ना. म्हटलं, थोडक्यात समजण्यासारखं नाही. आवाज जरा चढला असेल. तेवढ्यात बाबांना म्हणालो, सरळ बसा.
बाबांनी तोंड उघडलं. ओठ थरथरले.
पुरे, म्हणाले.
स्पष्ट. बायको रडायलाच लागली. धाकटा खाली बसला, त्यांचे गुडघे धरले आणि हळूच विचारलं, बाबा, माझ्याकडे येता? त्यांनी मान हलवली. उभी. दोनदा.
बायकोने बॅग भरली. मी टोपीच्या वायरी गुंडाळत बसलो. एक नोंद मात्र हवी: पहिला शब्द माझ्यामुळे आला. डॉक्टरांना कळवलं पाहिजे.

९ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरांना कळवलं नाही.
धाकट्याला फोन केला. बाबा जेवले, म्हणाला. देतो त्यांना. फोन कानाला लावला असावा, श्वास ऐकू येत होता. व्यायामाचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. काहीच बोललो नाही. तेही नाही. श्वास संथ चालला होता. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच. इतका वेळ बाबा माझ्यासोबत फोनवर कधीच थांबले नव्हते.
मग धाकट्याचा आवाज आला. दादा, ते झोपलेत रे. केव्हाचेच.