टकटक न झालेली पानं

ता. ४, बुधवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. इकडे मी खुशाल नाही, त्यामुळे तुझी खुशाली विचारायचंही सुचत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. छापखान्याच्या माळ्यावर मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि समोर बसून तिनं, म्हणजे आमच्या मुद्रितशोधक मुलीनं, प्रूफ तपासायचं. सध्या शाळेचं एक इंग्रजी पुस्तक चाललंय. त्यात सगळे कानाला सारखे आणि लिहायला वेगळे शब्द. 'वीक' म्हणजे आठवडा आणि 'वीक' म्हणजे अशक्तही. 'हेअर' म्हणजे केस, तसाच ससाही. नुसतं ऐकून तिला कळणार कसं? म्हणून आमचा रिवाज असा, की असा शब्द आला की वाचणाऱ्यानं टेबलावर टक् करायचं आणि अक्षरं सुटी सुटी सांगायची.

परवा चहाच्या सुट्टीत मी तिला लग्नाचं विचारलं. (हो, विचारलं. ओरडू नकोस.) ती म्हणाली, "आधी एक तरी गोष्ट पुरी करून दाखव." म्हणजे कॉलेज सोडल्याचा टोमणा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यानंतरची सगळी पानं मी हात खिशात घालून वाचली. एकदाही टक् केलं नाही. आता सशाच्या जागी केस उगवले असतील तरी मला पत्ता नाही. शेवटचं पान तिच्यापुढे टाकून निघून आलो, तो अजून खोलीवरच आहे.

सोमवारी पुस्तक मशीनवर चढेल. प्रुफाखाली सही तिची असते. चुका निघाल्या तर मालक तिलाच घालवतील, आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मी आता कुठल्या तोंडानं जाऊ?

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला सांगायची माझी लायकी नाही.
तुझा,
धाकटा


ता. ६, शुक्रवार

चि. काडेपेटीस,
अ. उ. आ. आशीर्वाद रिवाजापुरते आहेत, मनात दोन धपाटे आहेत.

तुझं पत्र वॉर्डातच वाचलं आणि एका पेशंटला तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा द्यायला निघाले. त्यानंच हात मागे घेतला म्हणून बरं. तुझे भावजी म्हणतात, मुलगी शहाणी दिसते, एवढ्यात हो म्हणाली नाही.

लहानपणी तू चिडलास की ताटावरून उठायचास आणि दाराआड उभा राहून कोणी बोलवतंय का ते ऐकायचास. मी दर वेळी बोलवायला आले, तिथंच चुकलं. इथं कोणी येणार नाही. आणि ती बोलली त्यात टोमणा कुठला? दोन वर्षं मी हेच सांगतेय, तेव्हा नाही रे तिडीक गेली.

कुठल्या तोंडानं जाऊ म्हणतोस. आहे त्याच तोंडानं जा, दुसरं कुठून आणणार? मालकांना खरं सांग. पत्र मिळताच चपला घाल, उरलेलं जिन्यात वाच.

रागावले आहे, पण तुझीच,
ताई


ता. १०, मंगळवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र काल सकाळी मिळालं. जिन्यातच वाचलं.

छापखान्याच्या दारात पोचलो तर आत मशीनची धडधड. तसाच मालकांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. लग्नाचं सोडून. ते चष्मा पुसत ऐकत होते. मग म्हणाले, ती तर सांगत होती तू तापानं फणफणलायस, म्हणून मशीनवर दुसरं काम लावलं. म्हणजे मी स्वतःबरोबर तिचं खोटंही उघडं पाडलं! मी म्हटलं, तिला काही बोलू नका. ते म्हणाले, तिला कशाला बोलू, तिनं माझं पुस्तक वाचवलं. तू मात्र हे पुस्तक संपलं की येऊ नकोस.

वर गेलो. ती पानं तिच्या कोपराखाली तशीच होती, सही न केलेली.

"टेबल गप्प होतं," ती म्हणाली. "मी सही कशी करणार?"

तिनं पहिलं पान पुढे सरकवलं आणि ताप उतरला का म्हणून विचारलं. उतरला म्हटलं, खुर्ची ओढली आणि वाचू लागलो. पहिल्याच ओळीत 'वीक' आला. मी हात उचलायच्या आत समोरून टक् झालं.

कॉलेजात परत घेतात का, भावजींना चौकशी करायला सांग. आणि ते दोन धपाटे तुझ्याकडेच जपून ठेव, पुस्तक पुरं झाल्याशिवाय मला इथून हलता येणार नाही.

तुझा,
धाकटा