उन्हात दिसेल असा पडदा

१९ एप्रिल २००७
दुकानात दोन्ही लॅपटॉपचे पडदे झकास दिसतात. दिसणारच — वर ट्यूबलाइट, दाराला काळी काच! मला तो उघड्या माळावर लावायचा आहे. ९ मेला, भर दुपारी.

त्या दिवशी तहसीलचे साहेब आमच्या तांड्यावर पाहणीला येणार. सर्व्हे नंबर बेचाळीस सरकारी गायरान आहे, बासष्ट घरं उठवा — अशी नोटीस. आमचा पुरावा एकच : निजामाच्या काळातला उर्दू कागद, तांड्याला राहायला बेचाळीस नंबर दिल्याचा. मूळ कागद वाळवीने खाल्ला. अठ्ठ्याण्णव साली स्कॅन करून घेतला होता, ते चित्र तेवढं सीडीवर आहे. छापून काढलं की नुसता काळा डाग. म्हणून लॅपटॉप. पडदा असा हवा की साहेबाला ‘दिसत नाही’ म्हणायची सोय राहू नये.

२१ एप्रिल
सीडी घेऊन पुन्हा हिंगोलीला. दुकानदार हरिचंदला दोन्ही लॅपटॉप बाहेर रस्त्यावर आणायला लावले.

‘सर, पापड हायेत का हे? उन्हात वाळवून राहिले!’

चकचकीत पडद्यात कागद नाही, माझंच तोंड दिसलं — मिशीसकट. दुसरा बिनचकाकीचा. त्यात ओळी दिसतात, पण धुतल्यासारख्या फिक्या. आणि वायर काढली की दोन्ही आपोआप मंद होतात! हरिचंदने बटण दाबून उजेड वाढवला. म्हणे, ‘बॅटरी तासभर टिकंल बराबर.’ साहेब दोन तास उशिरा आले तर?

२२ एप्रिल
जवळा बाजारला सभा. ‘बेचाळीस नंबर आमचा!’ — सगळं मैदान ओरडलं. मी बोलत होतो आणि डोक्यात एकच : उजेड कमी पडेल.

२ मे
हरिचंदने नांदेडहून तिसरा मागवला होता, तो आला. रस्त्यावर छत्री धरून लावला. काय पडदा! काळं ते काळं, पिवळं ते पिवळं. घड्या, वाळवीची भोकं, शिक्क्याची कड — सगळं वर आलं. नंबर मोठा करून पाहिला.

उर्दू आकड्यांत दोनाला एक दात, तिनाला दोन. दुसऱ्या दाताची फिकी शाई मला आजवर दिसलीच नव्हती.

त्रेचाळीस!

झाकण लावलं.

‘काहून सर, पडदा खराब हाय का?’

‘नाही रे. फार चांगला आहे.’

३ मे
कागद मीच वाचला होता. तांड्यात उर्दू येणारा मी एकटा, त्याचा केवढा तोरा! नऊ वर्षं व्यासपीठांवरून बेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीस म्हणजे नाल्यापलीकडचा बाभळीचा तुकडा. तिथे आमचं एकही घर नाही.

५ मे
बिनचकाकीचा घेतला तर उन्हात तो आकडा दोनच दिसेल. हा विचार मी केला. मी! लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकबूल करता येणार नाही.

७ मे
शेवटी तांड्याचे प्रमुख वसराम नायक यांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारा जागीच बसेल. त्यांनी शांतपणे बिडी विझवली. ‘जुना तांडा नाल्यापल्याडच व्हता. हितं आमी मागून आलो. म्हाताऱ्यांना समद्यांना ठावं हाय.’



८ मे
सकाळी याडीला, माझ्या आईला, विचारलं, ‘तुलाही ठाऊक होतं? मग नऊ वर्षं मला बोलू काहून दिलं?’

ती कांचळीवर, चोळीवर, आरसे टाचत होती; सुई थांबवली नाही. ‘तुला खोटं बोलता येत न्हाई, लेकरा. खरं वाटलं तरच तुजा आवाज चढतो. म्हणून कुनीच सांगितलं न्हाई.’