तारेतला पोहणारा

मंगळ., ४ नोव्हेंबर

झालं ते असं :

१. दहावीच्या सहामाहीतला प्रश्न : तारेतून वीजधारा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. तारेखाली होकायंत्र आहे. सुईचं उत्तर टोक कुठे वळेल? कारण लिहा. गुण दोन.
२. बरोबर उत्तर : पश्चिमेला.
३. 'अ' तुकडी जोगळेकर सरांची. तिथे निम्म्याहून जास्त मुलांनी 'पूर्व' लिहिलं. कारण सगळ्यांचं एकच, पुस्तकातलं : उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम. अंगठा धारेच्या दिशेला, मिटलेली बोटं चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला. त्यांना कारणाचा एक गुण मिळाला.
४. 'ब' तुकडी माझी. सहा जणांनी 'पश्चिम' लिहिलं. कारण : पोहणाऱ्या माणसाचा नियम. त्यांना शून्य.
५. दोन्ही तुकड्या सरांनी तपासल्या. शेरा : पुस्तकाबाहेरचे.
६. त्या सहांपैकी तन्वी म्हात्रे दोन गुणांनी नापास. सहामाहीत विज्ञानात राहिलेल्यांना आमच्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात. त्यामुळे शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो.

पोहणारा मी शिकवला होता.

बुध., ५ नोव्हें.

का शिकवला, ते एकदा नीट लिहून ठेवते.

ऑगस्टच्या चाचणीला पर्यवेक्षण माझ्याकडे होतं. अंगठ्याचा प्रश्न आला तशी मुलं हात उचलायला लागली, आणि जवळपास सगळ्यांचा डावा. उजव्यात पेन होतं. पेन खाली ठेवायला कुणी तयार नाही, वेळ जातो. नियम पाठ, हात चुकीचा, उत्तर बरोब्बर उलटं. शाळेत येण्याआधी मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते, तेव्हा उलटी जोडणी तिथल्या तिथे कळायची. कागद गप्प राहतो.

म्हणून हात लागणारच नाही असा नियम शोधला. तो जुनाच निघाला. वीजधारेजवळ सुई वळते हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा लोक चक्रावले ते वेगळ्याच गोष्टीने : सुई तारेकडे ओढली जात नाही, दूरही ढकलली जात नाही, आडवी वळते. असं बळ कुणी पाहिलं नव्हतं. मग एका फ्रेंच गणितज्ञाने तारेत माणूस घातला. तो धारेबरोबर पोहतो, तोंड सुईकडे. सुईचं उत्तर टोक त्याच्या डाव्या बाजूला जातं. स्क्रूचा आणि हाताचा नियम नंतरचे.

होकायंत्रं तीन बत्तीच्या बाजारात मिळाली, नमाजासाठी किब्ल्याची दिशा बघायची. डझनभर मागितली तर दुकानदार म्हणाला, "बारा पीस? मॅडम, मस्जिद बना रही हो क्या?" कारण सांगितल्यावर त्याने स्वतःच तार आणि सेल आणून काउंटरवर करून बघितलं. भाव मात्र कमी केला नाही.

वर्गात पहिली शंका : "बाई, शॉक लागंल ना त्याला."
दुसरी तन्वीची. ती कशेळीची, खाडीत पोहायला शिकलेली. "बाई, तो पोटावर पोवतंय का पाठीवर?"
हाच प्रश्न पाहिजे होता. तार सुईच्या वर असेल तर पोटावर, खाली असेल तर पाठीवर. बाजू बदलते. अंगठ्याच्या नियमावर असा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

शुक्र., ७ नोव्हें.

मधल्या सुट्टीत जो. सरांशी बोलले. ते भांडले नाहीत. चहा सांगितला.

"प्रधान मॅडम, तुमचं उत्तर बरोबर आहे, हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"
"मग शून्य का?"
"बोर्डाचा तपासनीस तुमच्या माणसाबरोबर पोहायला येणार नाही. त्याच्याकडे नमुना उत्तर असतं. मार्चमध्ये गुण जाण्यापेक्षा आत्ता गेलेले बरे."

मुद्दा पोकळ नाही. 'नियम सांगा' असा प्रश्न असता तर मी त्यांच्या बाजूने असते. पण प्रश्न दिशेचा होता आणि दिशा बरोबर आहे. तसं म्हणाले.
"पोहू नका फार," ते म्हणाले. "अजून कायम व्हायचंय ना तुम्हाला?" हसले. मी कप विसळून ठेवला.

शनि., ८ नोव्हें.

तन्वीची आई आली. मानकोलीच्या गोडाउनमधून, रात्रपाळी करून थेट. बसली नाही.
"पोरीला शालेतून बसवनार हाय का न्हाय, येवरंच सांगा. बाहेरून बसली का तिचा बाप सोयरीक बगाया लागंल. मंग माजा काय चालत न्हाय."
सांगितलं, अजून ठरलेलं नाही.
"कोन ठरवनार?"
मोठ्या बाई, म्हणाले.
"तुमी नाय?"
नाही.
त्या गेल्यावर सहाही पेपर पुन्हा वाचले. तन्वीने माणूस काढलाय, केसांसकट. बाण पश्चिमेला.

सोम., १० नोव्हें.

मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे गेले. त्या मराठीच्या. सह्या करता करता म्हणाल्या, "मला विज्ञानातलं काही कळत नाही, सोपं करून सांग."

आधी पुस्तकातला नियम सांगितला. त्यांनी ऐकता ऐकता हात वर केला, अंगठा ताठ, बोटं मिटलेली. डावा. उजव्यात पेन तसंच.
 त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग पेनाकडे. पेन ठेवलं, हात बदलला, पुन्हा पाहिलं.
"अगं बाई. सगळी अशीच करतात?"
"पेन हातात असेल तर."
पेन पुन्हा उचललं, एक सही केली. मग : "जोगळेकरांना विचारल्याशिवाय मी तपासलेल्या पेपरला हात लावत नाही. तेवीस वर्षं आहेत ते इथे."
उत्तर कधी देणार, ते सांगितलं नाही. विचारायला हवं होतं.

बुध., १२ नोव्हें.

'ब'वर उजळणी. फळ्यावर तार काढली, सुई काढली. तन्वीला विचारलं. तिने दोन्ही हात बाकाखाली नेले, काहीतरी केलं, म्हणाली, "पूर्व."
"माणूस कुठे गेला?"
"सरांनी सांगलं, तो नियम न्हाय. पेपर देताना. सगल्यांसमोर."
मागून कुणीतरी : "बुडाला, बाई."
वर्ग हसला. तीही हसली, थोडं उशिरा.

तास संपेपर्यंत पुढचं शिकवलं. फळ्यावरचं माझं अक्षर नेहमीसारखंच होतं.

सहामाहीत तिला येत होतं. आता येत नाही. दोन गुणांपेक्षा हे वाईट आहे. तोंडी बोलणं पुरे झालं.

शुक्र., १४ नोव्हें.

अर्ज दिला. मो. बाईंना, प्रत जो. सरांना. कार्यालयातल्या बाईंकडून पोच घेतली. बाई म्हणाल्या, "लेखी कशाला गं? वाईट दिसतं." दिसू दे.

माझ्या कायम होण्याचं त्यात काही नाही. मोठ्या बाईंच्या हाताचंही नाही, ते त्यांना माहीत आहे. तिच्या आईने सांगितलेलंही लिहिलं नाही, गुण दयेने मागायचे नाहीत. सरांचा मुद्दा मात्र लिहिला, त्यांच्याच शब्दांत, कारण तो खरा आहे.

उतारा :

"दिशा बरोबर असलेल्या सहा उत्तरांना दिशेचा एक व कारणाचा एक गुण द्यावा. पोहणाऱ्याच्या नियमाने आणि अंगठ्याच्या नियमाने उत्तर एकच येते. होकायंत्र व तार घेऊन मी ते कुणासमोरही दाखवीन. बोर्डाच्या परीक्षेसाठी पुस्तकातील नियमाचे शब्द या सहा जणांकडून पक्के करून घेण्याची जबाबदारी माझी. वर्गासमोर 'हा नियम नाही' असे म्हटले गेले आहे, ते वर्गासमोरच दुरुस्त व्हावे. निर्णय होईपर्यंत कु. तन्वी म्हात्रे हिच्या पालकांना बाहेरून बसविण्याबाबत बोलावू नये. कृपया मंगळवार, दि. १८ नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर द्यावे."